कौशल्य जन्माने येत नाही, सरावाने येते : शारीरिक शिक्षण शिक्षक होऊ पाहणाऱ्या तरुणांसाठी

इंदापूर, बारामती परिसरात पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुला-मुलींची संख्या मोठी आहे. १६०० मीटर, ८०० मीटर, १०० मीटर धावणे आणि गोळाफेक यांत त्यांची उमेदीची वर्षे जातात. भरती झाली नाही, वय निघून गेले की घरातले म्हणतात, मैदानावरची वर्षे वाया गेली. आम्हाला तसे वाटत नाही. या अनुभवाला अभ्यासाची जोड दिली तर त्यातून चांगला शारीरिक शिक्षण शिक्षक घडू शकतो. पदवीनंतर त्यासाठी दोन वर्षांचा बी.पी.एड. अभ्यासक्रम आहे. प्रवेशासाठी राज्य सीईटी कक्ष परीक्षा घेतो आणि तीत लेखी परीक्षेबरोबर मैदानी चाचणीही असते.

पण स्वतः चांगले धावणे वेगळे आणि साठ मुलांच्या वर्गाला धावायला शिकवणे वेगळे. मुलांचे शरीर नवी हालचाल कसे शिकते, हे शिक्षकाला कळले पाहिजे. या विषयाला 'कारक कौशल्यांचे अध्ययन' म्हणतात.

शरीर कसे शिकते?

चालणे, उडी मारणे, चेंडू फेकणे ही स्थूल कारक कौशल्ये. लिहिणे, सुईत दोरा ओवणे ही सूक्ष्म कारक कौशल्ये. स्नायू दोन्हीकडे लागतात, पण शिकतो तो मेंदू आणि त्याच्या आज्ञा वाहणारी मज्जासंस्था.

फिट्स आणि पोस्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ साली या शिकण्याचे तीन टप्पे मांडले. पहिला समजून घेण्याचा. गोळाफेक शिकणारी मुलगी पाय कुठे ठेवू, गोळा मानेशी कसा धरू, असा प्रत्येक गोष्टीचा विचार करते. चुका खूप होतात आणि दरवेळी वेगळ्या होतात. दुसरा टप्पा जुळणीचा. पाय, कंबर, खांदा, हात एकामागोमाग जोर लावू लागतात, चुका कमी होतात आणि आपली चूक आपल्यालाच कळू लागते. तिसरा टप्पा स्वयंचलित. इथे हालचालीचा वेगळा विचार करावा लागत नाही. कबड्डीतला मुरलेला चढाईपटू पायांकडे बघत नाही, त्याचे लक्ष बचाव करणाऱ्यांच्या साखळीवर असते.

शिक्षकाने टप्पा ओळखून शिकवायचे असते. पहिल्या टप्प्यातल्या मुलाला एका दमात दहा सूचना दिल्या तर तो गोंधळतो. त्याला प्रात्यक्षिक दाखवा आणि एकच गोष्ट सांगा.

सराव कसा द्यावा?

'एकच गोष्ट शंभर वेळा करा' ही आपल्याकडची जुनी पद्धत. संशोधन थोडे वेगळे सांगते. १९७८ साली कर आणि बूथ यांनी आठ वर्षांच्या मुलांना छोट्या पिशव्या लक्ष्यावर टाकायला लावल्या. एका गटाने फक्त तीन फुटांवरून सराव केला. दुसऱ्या गटाने दोन आणि चार फुटांवरून केला. शेवटी चाचणी तीन फुटांवरूनच झाली आणि त्या अंतराचा सराव न केलेला दुसरा गट सरस ठरला. बदलत्या सरावातून मुले एक ठरावीक फेक पाठ करत नाहीत, अंतर आणि जोर यांचे नाते शिकतात.

१९७९ साली शे आणि मॉर्गन यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. तीन हालचाली एकेक करून घोटण्याऐवजी मिसळून केल्या तर सरावाच्या वेळी प्रगती कमी दिसते, पण काही दिवसांनंतर जास्त लक्षात राहते. म्हणून तासाच्या शेवटी मुले छान करतात एवढ्यावरून ती शिकली असे समजू नये. पुढच्या आठवड्यात पुन्हा करून घ्या, तेव्हा खरे कळेल.

सूचनेचेही तसेच आहे. प्रत्येक फेकीनंतर 'चुकलं, असं कर' म्हणत राहिले की मूल शिक्षकावर अवलंबून राहते. दोन-चार प्रयत्न होऊ द्या, मग 'तुला काय वाटलं?' असे विचारा. आणि रांगेत चाळीस मुले उभी, चेंडू एकाच्याच हातात, असा तास घेऊ नका. साहित्य कमी असेल तर कापडी चेंडू करा, गट पाडा. ज्याला हात लावायला मिळाला नाही, तो शिकलाच नाही.

'त्याच्या रक्तातच आहे'

ही शेवटची गोष्ट आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाची आहे. हलगी वाजवणाऱ्याच्या बोटांकडे पाहून लोक म्हणतात, 'त्याच्या रक्तातच आहे.' ऊसतोड मजूर वाकून कोयत्याने बुडख्यापासून ऊस छाटतो, मोळी बांधतो, ती डोक्यावर घेऊन गाडीवर चढतो, तेव्हा त्याला कोणी कौशल्य म्हणतच नाही. दोन्हीकडे वर्षांचा सराव झाकला जातो आणि जात पुढे केली जाते. उंची, शरीराची ठेवण माणसागणिक वेगळी असते, हे खरेच. पण फेक, झेप, पकड, ताल जातीबरोबर जन्माला येत नाहीत. ते करून करून येतात.

पुणे जिल्ह्यातच याचे मोठे उदाहरण आहे. चांभार समाजातले पालवणकर बाळू पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर मैदानाची देखभाल करत. ग्रेग नावाच्या इंग्रज फलंदाजाला सरावासाठी ते तासन्‌तास गोलंदाजी टाकत. समोर कसलेला फलंदाज आणि रोज शेकडो चेंडू, यातून भारतातला एक थोर डावखुरा फिरकी गोलंदाज घडला. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. त्याच क्लबात त्यांना फलंदाजीची संधी मात्र मिळाली नाही. आणि पुण्यात हिंदू संघाकडून खेळताना त्यांचा चहा बाहेर, मातीच्या भांड्यात दिला जाई.

यातून शिक्षकाने एक नियम घ्यावा. ज्याला जेवढी संधी, तेवढे त्याचे कौशल्य. वर्गातली कोणती मुले कायम धावपट्टी आखतात, साहित्य उचलतात, आणि कोणती खेळतात? मुली किती वेळ नुसत्या कडेला बसतात? मूल 'कच्चे' आहे असा शिक्का मारण्याआधी, त्याला किती वेळा करायला मिळाले ते मोजा.

तयारी कुठून सुरू करावी?

नोकरीची हमी आहे असे आम्ही म्हणणार नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला मैदान आणि खेळाचे साहित्य असावे असे म्हटले आहे. पण सहावी ते आठवीसाठी, पट शंभराच्या वर असेल तर, शारीरिक शिक्षणाला अंशकालीन निदेशकाचीच तरतूद आहे. त्यामुळे जागा कमी आणि स्पर्धा जास्त. आपल्या गावच्या शाळेत मैदान, साहित्य आणि निदेशक आहे का, हे शाळा व्यवस्थापन समितीत विचारणे हेही कार्यकर्त्याचेच काम आहे.

ज्यांना या वाटेने जायचे आहे, त्यांनी पदवीच्या काळात महाविद्यालयाच्या संघातून खेळावे आणि सहभागाची प्रमाणपत्रे जपून ठेवावीत, प्रवेशाच्या वेळी ती लागतात. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला वेळेत काढावा. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीवर अर्ज करता येतो.

आणि शिकवण्याचा सराव आजपासून करता येतो. जयंतीच्या लेझीम पथकात दरवर्षी नवी मुले येतात. त्यांना एकेक हात तोडून शिकवा, मग जोडा, मग ताल बदलून पाहा. कोण कोणत्या टप्प्यावर आहे, आठवड्याने कोणाच्या काय लक्षात राहिले, हे वहीत लिहा. विहारासमोरच्या अंगणात वीस मुलांना महिनाभर असे शिकवले, तर बी.पी.एड.चा पहिला सराव पाठ घेताना हात कापणार नाहीत. शिकवणे हेही कौशल्यच आहे, आणि तेही सरावानेच येते.