क्लाउड सर्व्हर व स्वव्यवस्थापित सेवा

क्लाउड सर्व्हर व स्वव्यवस्थापित सेवा : दूरच्या डेटा केंद्रातील संगणकशक्तीचा काही भाग भाड्याने घेऊन तो इंटरनेटमार्फत वापरला जातो, तेव्हा त्यास क्लाउड सर्व्हर म्हणतात. अशा सर्व्हरवर संकेतस्थळ, दस्तऐवजांचा संचय, ग्रंथालयाची सूची यांसारख्या सेवा एखाद्या संस्थेने वा व्यक्तीने स्वतःच्या नियंत्रणाखाली चालविल्यास त्या स्वव्यवस्थापित सेवा होत. तयार सेवेत माहिती व ती हाताळणारे सॉफ्टवेअर ही दोन्ही कंपनीच्या हाती असतात. स्वव्यवस्थापनात यंत्र परक्याचे असले, तरी माहितीची मांडणी, प्रवेशाचे अधिकार आणि स्थलांतराचा निर्णय वापरणाऱ्याकडे राहतो. त्याबरोबर देखभालीची जबाबदारीही त्याच्यावर येते.

पार्श्वभूमी : एका भौतिक यंत्राचे सॉफ्टवेअरच्या साहाय्याने अनेक आभासी यंत्रांत विभाजन करणे, हे या व्यवस्थेचे मूलतत्त्व होय. ॲमेझॉन कंपनीने २००६ मध्ये अशी यंत्रे तासाच्या भाड्याने देण्यास प्रारंभ केला. भारतात मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे येथे, ॲमेझॉनने २०१६ मध्ये व गूगलने २०१७ मध्ये मुंबई येथे आपली क्लाउड केंद्रे सुरू केली. पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र (सी-डॅक) १९८८ मध्ये स्थापन झाले होते व तेथेच १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध झाला. त्यामुळे या क्षेत्राला लागणारे तंत्रज्ञ परिसरात उपलब्ध होते.

निवडीचे निकष : पहिला निकष अंतराचा. प्रकाशतंतूतून संकेत एका सेकंदात सुमारे २ लक्ष किमी. जातो. म्हणून २०० किमी.वरील केंद्राशी जाऊन येण्यास तत्त्वतः २ मिलिसेकंद, तर १३,००० किमी.वरील केंद्राशी किमान १३० मिलिसेकंद लागतात. प्रत्यक्षात मार्गातील वळणांमुळे हा काळ वाढतो. दुसरा निकष अखंडतेचा. ९९·९ टक्के उपलब्धतेची हमी असल्यास तीस दिवसांच्या महिन्यात सु. ४३ मिनिटे, तर ९९ टक्के असल्यास ७ तासांहून अधिक काळ सेवा बंद राहू शकते. तिसरा निकष खर्चाचा होय. जाहीर भाड्याखेरीज बाहेर जाणाऱ्या माहितीवरील आकार, प्रतिलिपींचा आकार व वस्तू-सेवा कर यांचा हिशेब आधी करावा लागतो. माहिती सहजी बाहेर काढता येते किंवा नाही, हे करार करण्यापूर्वीच पाहणे इष्ट ठरते.

शिरूर व दौंड परिसरातील उपयोग : घोड नदीकाठचे शिरूर व भीमेकाठचे दौंड ही पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील तालुक्यांची ठिकाणे होत. रांजणगाव व कुरकुंभ येथील औद्योगिक क्षेत्रे, दौंडचे रेल्वे जंक्शन, तसेच दूधसंस्था, पतसंस्था व शाळा यांमुळे तेथे नोंदींचे काम मोठे आहे. अशा संस्थेने स्वतःच्या कचेरीतच सर्व्हर ठेवल्यास दोन अडचणी येतात. एक म्हणजे वीजपुरवठ्यातील खंड व दुसरी म्हणजे स्थिर आयपी पत्त्याचा अभाव. अनेक सेवादाते एकच सार्वजनिक पत्ता पुष्कळ ग्राहकांना मिळून देतात; त्यामुळे बाहेरून आलेली मागणी कचेरीतील यंत्रापर्यंत पोहोचत नाही. पुणे किंवा मुंबई येथील क्लाउड सर्व्हर घेतल्यास या दोन्ही अडचणी टळतात. मात्र कचेरीची इंटरनेट जोडणी तुटल्यास सर्व्हर चालू असूनही उपयोगी पडत नाही, म्हणून मोबाइलची पर्यायी जोडणी आवश्यक ठरते.

एका संस्थेची १ लक्ष पृष्ठे प्रत्येकी अर्ध्या मेगाबाइटची धरल्यास ५० गिगाबाइट जागा लागते. सेकंदाला २० मेगाबिट वेगाच्या जोडणीवरून ती चढविण्यास साडेपाच तासांहून थोडा अधिक वेळ लागेल. पंधरा-वीस जणांच्या कचेरीस साधारणपणे दोन आभासी प्रक्रियक व ४ गिगाबाइट स्मृती पुरेशी होते.

उभारणी : सर्व्हरवर बहुधा लिनक्स प्रणाली बसवितात. दस्तऐवजांसाठी नेक्स्टक्लाउड, ग्रंथालयासाठी कोहा, अध्यापनासाठी मूडल व संकेतस्थळासाठी वर्डप्रेस ही मुक्त सॉफ्टवेअरे प्रचलित आहेत. प्रत्येक सेवा डॉकरसारख्या साधनाने वेगळ्या कप्प्यात ठेवल्यास एकीतील बिघाड दुसरीत पसरण्याचा संभव कमी होतो. नंतर क्षेत्रनाम जोडतात. २०१४ पासून ‘.भारत’ या विस्ताराचे देवनागरी नावही घेता येते. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून सांकेतिकीकरणाचे प्रमाणपत्र विनामूल्य मिळते. त्याची मुदत अल्प असल्याने नूतनीकरण स्वयंचलित ठेवतात. जुन्या खाजगी टंकांत लिहिलेला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणल्याखेरीज शोधता येत नाही. त्यामुळे हे रूपांतर सेवा सुरू करण्यापूर्वी उरकणे हितावह असते. पत्रव्यवहाराचा सर्व्हर मात्र नवशिक्याने स्वतः चालवू नये. बहुतेक मोठे सेवादाते टपालाचे द्वार मुळातच बंद ठेवतात आणि अपरिचित पत्त्यावरून आलेली पत्रे नको असलेल्या टपालात जातात.

सुरक्षा व प्रतिलिपी : परवलीच्या शब्दाऐवजी कूटकिल्लीने प्रवेश, अनावश्यक द्वारे बंद ठेवणे व सॉफ्टवेअर वेळोवेळी अद्ययावत करणे, या तीन गोष्टी किमान होत. प्रतिलिपी तीन, दोन प्रकारच्या माध्यमांवर व त्यांतील एक अन्य स्थळी, असा सर्वमान्य दंडक आहे. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा केंद्रास आग लागली व ज्यांची प्रतिलिपी त्याच आवारात होती, अशा काही ग्राहकांची माहिती कायमची नष्ट झाली. क्लाउड ही कोठेतरी उभी असलेली इमारतच असते, हे यावरून दिसून येते. प्रतिलिपीवरून माहिती परत उभी करून पाहिल्याखेरीज तिचा भरवसा धरता येत नाही.

कायदेशीर बाबी : भारतीय संगणक आणीबाणी प्रतिसाद चमूच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटनेची वर्दी सहा तासांच्या आत देणे व यंत्रणेतील नोंदी १८० दिवस जतन करणे आवश्यक आहे. सभासदांची वैयक्तिक माहिती ठेवणाऱ्या संस्थांना डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ चाही विचार करावा लागतो.

मर्यादा : स्वव्यवस्थापनातील खरा खर्च भाड्यापेक्षा माणसाच्या वेळेचा असतो. एकाच जाणत्या कर्मचाऱ्यावर सर्व भार असल्यास तो गेल्यावर संस्थेची दप्तरे बंद पडण्याचा धोका संभवतो. म्हणून किल्ल्या, खाती व कार्यपद्धती यांची लेखी नोंद किमान दोघांजवळ असावी. जेथे हे शक्य नाही, तेथे तयार सेवा घेऊन प्रतिलिपी तेवढी स्वतःकडे ठेवणे अधिक सुरक्षित ठरते.