पॅड किलोमीटरने झिजत नाहीत

सर्व्हिसिंगला गाडी लावली की नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये एक प्रश्न ठरलेला असतो : ब्रेक पॅड किती किलोमीटरला बदलायचे? कुणी तीस हजार सांगतो, कुणी पन्नास. दोन्ही आकडे कुठल्या ना कुठल्या गाडीला लागू पडतीलही, पण प्रश्नाचे मापच चुकले आहे. पॅड झिजतो तो गाडीचा वेग उष्णतेत बदलताना. नाशिकहून महामार्गाने सलग पिंपळगाव बसवंतला गेलेली गाडी ब्रेकला फारसा हात लावत नाही. तीच गाडी शालिमार आणि मेनरोडच्या गर्दीत तासभर फिरली, तर किलोमीटर मोजकेच होतात आणि पॅड मात्र अधिक घासला जातो. मोजायची ती पॅडची जाडी, आणि जपायचे ते तापमानाला. नाशिककरांना तर हे जास्तच लागू, कारण मुंबईची वाट कसारा घाटातून जाते.

इगतपुरी आणि कसारा यांच्या उंचीत सुमारे ३०० मीटरचा फरक आहे. माणसे आणि सामान धरून गाडीचे वजन १,४०० किलो मानले, तर एवढे उतरताना साधारण ४१ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. ताशी ८० किलोमीटरने धावणारी गाडी एकदा पूर्ण थांबवायला साडेतीन लाख ज्यूलच्या आसपास लागतात. म्हणजे हा घाट अशा बारा थांब्यांच्या तोडीचा. टायरचे घर्षण आणि हवेचा अवरोध यातला मोठा वाटा उचलतात, हे खरे. पण अर्धी ऊर्जा त्यांनी घेतली तरी उरते ती वीस लाख ज्यूल, आणि सगळा भार ब्रेकवर टाकला तर तिचा बहुतेक भाग पुढच्या दोन डिस्कवर येतो, कारण ब्रेक लागताच वजन पुढे झुकते. पॅड फार तापला की त्यातले कण धरून ठेवणारे रेझिन विघटू लागते, पकड ढिली पडते आणि तेवढ्याच दाबाला गाडी कमी आवरते.

या तापमानाशी झगडा गाडीच्या जन्मापासूनचा आहे, आणि त्यातले सर्वांत सुंदर पान एका बाईचे आहे. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन पतीने बनवलेल्या तीनचाकीतून मानहाइमहून फोर्त्झहाइमला निघाल्या. शंभराहून अधिक किलोमीटरची वाट, त्यात डोंगर. उतारांवर लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा त्यांनी वाटेतल्या एका चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. झिजेल ते अस्तर झिजू द्यायचे, मूळ भाग शाबूत ठेवायचा आणि अस्तर बदलत राहायचे, ही आजच्या पॅडमागची सगळी कल्पना त्या दुरुस्तीत आहे. पेटंटवर नाव कार्ल बेंझ यांचे. ब्रेकच्या इतिहासात बर्था यांना मानाचे स्थान मिळायलाच हवे, असे मला मनापासून वाटते. पुढे इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूड यांनी डर्बीशायरच्या उतारांवरचे गाडीवान ब्रेकला जुने बूट लावताना पाहिले आणि १८९७ मध्ये या कामासाठी खास साहित्य बनवायला घेतले. आधी रेझिनमध्ये भिजवलेला कापूस, मग उष्णता सोसणारे अ‍ॅस्बेस्टॉस. त्याची धूळ फुप्फुसांना घातक ठरल्याने नामांकित कंपन्यांनी ते सोडले. धूळ मात्र कुठल्याही पॅडची वाईटच; कॉम्प्रेसरच्या हवेने ती उडवणे थांबले पाहिजे.

ब्रेक तापू नयेत म्हणून घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी, यावर दोन आक्षेप हमखास येतात : इंजिनावर ताण पडतो, आणि न्यूट्रलला तेल वाचते. इंजिन त्याच्या नेहमीच्या फेऱ्यांच्या मर्यादेत फिरत असेल तर त्याला इजा नाही. तेलाचे तर उलटच आहे : आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंधन बंद होते, न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते जळतच राहते. याच घाटात ३७ ला १ चढ असलेल्या रुळांवर आजची विद्युत इंजिने उतरताना मोटारींकडूनच वीज बनवून वरच्या तारेत परत पाठवतात. रेल्वे जिथे नुसत्या ब्रेकवर विसंबत नाही, तिथे आपण का विसंबावे?

तपासणी सोपी आहे. नव्या पॅडचे घर्षण-साहित्य साधारण १० मिलिमीटर असते; ३ मिलिमीटर उरले की बदलायचे, आणि एकाच अक्षावरच्या दोन्ही चाकांचे एकदम, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. बऱ्याच पॅडना एक लोखंडी पत्ती असते, ती डिस्कला टेकून किंचाळू लागली की वेळ झालीच. तो आवाज घालवण्यासाठी पॅड पॉलिश पेपरने घासून परत बसवणे म्हणजे उरलेली जाडीही कमी करणे. ब्रेक ऑइलही पाहावे, कारण ते हवेतली ओल शोषते : डॉट-३ दर्जाचे ऑइल नवे असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल मुरल्यावर ही हमी १४० अंशांवर येते, आणि उकळून वाफ झाली की पॅडल पोकळ खाली जाते. डबीतली पातळी उतरली म्हणून लगेच ऑइल ओतू नये. पॅड झिजले की कॅलिपरचा पिस्टन बाहेर सरकतो आणि ऑइल तिकडे जाते. नवे पॅड बसवताना तेच परत वर येऊन डबीबाहेर सांडते आणि रंग खाते. पॅड जाड असूनही पातळी उतरली असेल, तर गळती शोधावी.