एक चाक, अनेक वाण

तान्ह्या मुलाला जुलाब लागले, की ‘दात येताहेत’ म्हणून घर स्वस्थ बसते आणि तेवढ्यात मूल कोरडे पडते. या जुलाबांमागे पुष्कळदा रोटाव्हायरस हा चाकासारखा दिसणारा विषाणू असतो. १९७३ साली मेलबर्नला रूथ बिशप व सहकाऱ्यांना तो आजारी मुलांच्या आतड्यांत आढळला.

त्याचे वाण अनेक. का? त्याची जनुके ११ सुट्या तुकड्यांत असतात. दोन वाण एकाच पेशीत शिरले, की पत्ते पिसल्याप्रमाणे तुकडे मिसळून तिसराच वाण निपजतो. खेड्यात गोठा आणि पाळणा शेजारी. गुरांचा विषाणूही या खेळात उतरू शकतो. दिल्लीतल्या अर्भकांत सापडलेल्या एका वाणात गाईच्या विषाणूचा तुकडा होता; त्यापासूनच आपली एक लस बनली.

मग प्रत्येक वाणाला निराळी लस हवी काय? नाही. एका वाणाशी झुंजताना शरीर जे शिकते, ते बरेचसे दुसऱ्यावरही चालते. म्हणून २०१६ पासून ही लस सरकारी लसीकरणात आली. मात्र लस सगळेच जुलाब रोखत नाही; मीठसाखरेचे पाणी आणि अंगावरचे दूध थांबवू नका.