गाणे आणि सांगणे (भाग ७) : रेमोचे ‘पॅक दॅट स्मॅक’

गेल्या आठवड्यात घुमट आरतीचा ठेका पाहिला. आज विजेच्या गिटारीवरचे गाणे. शिवोलीच्या रेमो फर्नांडिस यांचा ‘पॅक दॅट स्मॅक’ हा इंग्रजी अल्बम १९८६ मध्ये आला आणि त्याच नावाचे त्यातले गाणे हेरॉइनच्या विरोधात होते. स्मॅक हे हेरॉइनचे गल्लीतले नाव. त्याआधी काही महिने, नोव्हेंबर १९८५ मध्ये, अमली पदार्थांविरुद्धचा केंद्राचा एनडीपीएस कायदा लागू झाला होता. म्हणजे सरकारचा नकार कागदावर होताच. पण हणजुण्याच्या किनाऱ्यावर रमणाऱ्या पोराला सरकार, मास्तर आणि पोलीस नको म्हणणारच, हे आधीपासून ठाऊक होते. त्याच्याच आवडीचे संगीत वाजवणारा, लांब केसांचा, युरोप-आफ्रिकेत भटकून आलेला गायक तेच म्हणतो, तेव्हा त्याला ‘यांना काय कळते’ असे म्हणून झटकता येत नाही. माझ्या मते या गाण्याचे खरे बळ इथे आहे. रॉक आणि नशा ही जोडी लोकांनी गृहीत धरली होती. रेमोने रॉक ठेवला आणि नशेला हाकलले.

यावर पहिला आक्षेप असा की एवढ्या दणदणाटात शब्द ऐकतो कोण? आक्षेप निम्मा खरा आहे. कडव्यांतले बारकावे नाचणाऱ्याच्या कानावरून जातात. रेमोच्याच १९८४ च्या ‘गोअन क्रेझी’त टेलिफोन खात्याची टर उडवणारे गाणे आहे, त्यातला उपहास बसून ऐकल्याशिवाय कळत नाही. पण धृपदाचे तसे नाही. घुमट, समेळ आणि कासाळ्यांच्या गदारोळात आरतीचे शब्द हरवतात का? उलट पेडण्या-डिचोलीतल्या पोरांना ते पाठ होतात ते त्या गदारोळामुळेच, कारण पुन्हा पुन्हा, सगळ्यांबरोबर, अंगात ताल भिनवून म्हणावे लागतात. ‘पॅक दॅट स्मॅक’चा सगळा संदेश शीर्षकाच्या तीन शब्दांत मावतो. जिथे शब्द हरवण्याची भीती नव्हती, तिथेच, धृपदात, तो बसवला. ही कारागिरी आहे, योगायोग नव्हे.

दुसरा आक्षेप भाषेचा. इंग्रजी गाणे हरमल-मांद्र्याच्या घरात कितीसे पोचणार? फार नाही, हे मान्य. सोहिरोबानाथांच्या पदांवर आणि दशावतारावर वाढलेल्या पेडण्याला ते परकेच होते. मात्र तेव्हा ते ज्याच्यासाठी होते, तो किनाऱ्यावरचा आणि शहरी कॉलेजांतला तरुण इंग्रजीच ऐकत होता. औषध रोग्याला द्यायचे असते. हरमल-मोरजीचा किनारा आज तेव्हाच्या हणजुण्यासारखाच गजबजला आहे, त्यामुळे तोच प्रश्न आता शापोरा ओलांडून मराठी-कोंकणी बोलणाऱ्या घरांच्या अंगणात आला आहे, एवढा फरक.

तिसरा आक्षेप सर्वांत जड: गाणे गाजले, नशा थांबली नाही. खरे आहे, छाप्यांच्या बातम्या अजून येतात. पण व्यापार मोडणे हे पोलिसांचे काम, गाण्याचे नव्हे. गाण्याने नकार उच्चारण्याजोगा करायचा, मित्रांच्या घोळक्यात ‘नको’ म्हणणारा भित्रा ठरू नये एवढे पाहायचे. या मोजमापाने मी ते यशस्वी मानतो. सत्ताधाऱ्यांनाही रेमो असेच तोंडावर ऐकवत: राजीव गांधी पंतप्रधान असताना त्यांच्यासमोरच त्यांनी गोव्याची गाऱ्हाणी मांडणारे ‘हॅलो राजीव गांधी’ गायले. स्थानिक मंडळी चिडली, आणि खुद्द पंतप्रधानांनी मात्र गाणे आवडल्याचे पत्र पाठवले.

संयुक्त राष्ट्रांनी १९८७ मध्ये २६ जून हा अमली पदार्थविरोधी दिन ठरवला. त्या दिवशी शाळांत भाषणे होतात, फलक रंगतात, मुले जांभया देतात. पेडणे आणि डिचोलीतल्या शिक्षकांना विनंती आहे: येत्या जूनमध्ये भाषणे एक तास कमी करा आणि मुलांच्या हाती घुमट देऊन त्यांचे धृपद त्यांनाच रचू द्या.