उचलीची वेठ

डहाणू-उंबरगावच्या पट्ट्यात एके काळी वारली तरुणाच्या लग्नाचा खर्च जमीनदार करायचा आणि त्या बदल्यात नवरा-बायको दोघंही त्याच्या दारी राबायला बांधली जायची. अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत. कर्ज फिटलं असं कधी ठरायचंच नाही, कारण हिशेबाची वही धन्याच्या घरात. मुंबई सरकारने नेमलेल्या सिमिंग्टन या अधिकाऱ्याच्या अहवालात 1930 च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत नोंदली गेली. 1945 साली झरीच्या परिषदेनंतर गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठ नाकारली, आणि त्याच ऑक्टोबरात तलवाड्याच्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. लग्नगडी संपला. आगाऊ पैसे देऊन पुढची मेहनत ताब्यात घेण्याची रीत मात्र उरली.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अंदाजानुसार 2021 साली जगात कुठल्याही एका दिवशी 2 कोटी 76 लाख माणसं सक्तीच्या कामात अडकलेली होती. सक्तीचं काम, मानवी तस्करी म्हटलं की आपल्याला पळवून नेलेली मुलगी आणि कडीकुलूप लावलेली खोली आठवते. अशा घटना घडतात, पण सक्ती ओळखायची साधी कसोटी वेगळी आहे: माणसाला मधेच काम सोडून घरी जाता येतं का? आपल्या साखरपट्ट्यालाही ही कसोटी लावून पाहिली पाहिजे. बीड, जालना, धाराशिवकडची जोडपी पावसाळ्यातच मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतात. कितीकदा कोऱ्या स्टँपपेपरवर अंगठा उठतो. नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. जानेवारी 2024 मध्ये तोडणीचे दर 34 टक्क्यांनी वाढले, तेव्हा टनाला साधारण 366 रुपये झाले. एक लाखाची उचल धरली, तर ती फेडायला 273 टन ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडी भरायची. दिवसाला दोन टन धरले तरी 137 दिवस होतात, आणि अलीकडचे बरेच हंगाम चार महिन्यांतच आटोपतात. आठवड्याची खर्ची याच खात्यावर चढते. आजारपणात फडात गेलं नाही की 'खाडा', म्हणजे त्या दिवसाची मजुरी तर बुडतेच, वर दंड. पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, तेव्हा बाकी अंगावर असते आणि ती पुढच्या हंगामावर ओढली जाते. 2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे बीडमधल्या 82,309 ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीचे आकडे आले: 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली. यामागे डॉक्टरांची हाव आहे, चुकीचा सल्ला आहे, गरिबी आहे; पण पाळीच्या दुखण्याने पडणाऱ्या खाड्याची धास्तीही आहे, आणि ती मला सर्वांत भयंकर वाटते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: उचल कुणी गळ्यात मारत नाही, मजूरच मागतात, वाढवूनही मागतात. खरं आहे. पण लग्नगडीही स्वतःच्या पायांनीच जमीनदाराकडे गेला होता. पावसाळ्यात हाताला काम नाही, बँक दारात उभं करत नाही, दवाखाना थांबत नाही. अशा वेळी दिलेला होकार कायदा पूर्ण होकार मानत नाही. एशियाड बांधकामाच्या खटल्यात 1982 साली न्यायमूर्ती भगवतींनी स्पष्ट म्हटलं की आर्थिक नाइलाज हीही सक्तीच आणि किमान वेतनाहून कमी पैशांत करावं लागणारं काम सक्तीचंच. 1976 चा वेठबिगार निर्मूलन कायदा तर आगाऊ रकमेपोटी दुसरीकडे काम करण्याचं स्वातंत्र्य गमावणाऱ्यालाच बंधित मजूर म्हणतो, आणि ते कर्ज वेठीचं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी देणाऱ्यावर टाकतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. काही मजूर दोन मुकादमांची उचल घेऊन पसार होतात आणि मुकादमाची जमीन गहाण पडते. ही झळ खोटी नाही. पुष्कळ मुकादम कालचे ऊसतोड कामगारच असतात. पण जोखीम मुकादमावर आली कशी? कारखाना पैसे वाहतूक ठेकेदाराला देतो, तो मुकादमाला, मुकादम टोळीला. साखर वरच्या टोकाला राहते आणि बुडीत पैशांची भीती खाली सरकत जाते. मग वसुलीसाठी माणसं डांबली जातात. केवळ मुकादमावर गुन्हे नोंदवून ही साखळी तुटणार नाही. वरच्या टोकाला बांधून घ्यावं लागेल. अमेरिकेत फ्लोरिडातल्या इमोकली गावच्या टोमॅटो मजुरांनी हेच केलं. मळ्यांत माणसं डांबून राबवल्याचे खटले तिथे उभे राहिले होते. मजुरांच्या संघटनेने मोठ्या खरेदीदार कंपन्यांशीच कायदेशीर करार केले: पौंडामागे एक सेंट जास्त द्यायचा आणि सक्तीची मजुरी आढळली त्या मळ्याचा माल घ्यायचा नाही. 2011 पासून हे बंधन तिथल्या बहुतेक टोमॅटो मळ्यांना लागू झालं आणि मुकादमाची मनमानी मळेवाल्यालाच परवडेनाशी झाली.

असं केलं तर साखर महाग होईल, कारखाने यंत्रं आणतील, असं म्हणतात. यंत्रं तशीही येताहेतच. तोवर जो हात कोयता धरतो त्याचा मालक कारखानाच आहे, हे कागदावर यायला हवं: मजुरी थेट खात्यात, हंगाम संपला की उचलीची बाकी शून्य. वजनकाट्यावरच्या पावतीवर शेतकऱ्याचं नाव असतं, गाडीचा नंबर असतो, ठेकेदाराचं नाव असतं, टन असतात. ऊस कुणी तोडला, हा रकाना तिथे नाही.