‘टीएसएच’ वाढले म्हणजे थायरॉइड वाढले का?

रक्ततपासणीचा अहवाल हाती पडला की अनेकांची पहिली नजर ‘टीएसएच’ या आकड्याकडे जाते. तो मर्यादेहून अधिक दिसला, की ‘थायरॉइड वाढले’ असे घरात जाहीर होते. वस्तुस्थिती बहुतेक वेळा नेमकी उलट असते. टीएसएच वाढते, कारण थायरॉइडचे संप्रेरक कमी पडत असते. हा उलटा हिशेब समजला, तर आपल्या अंतःस्रावी ग्रंथी शरीराचा कारभार कसा चालवतात, हेही उलगडते.

लाळेच्या किंवा घामाच्या ग्रंथी आपला स्राव नलिकेतून बाहेर सोडतात. अंतःस्रावी ग्रंथींना अशी नलिका नसते. त्यांचा स्राव थेट रक्तात मिसळतो. या स्रावांना ‘हॉर्मोन’ हे नाव ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १९०५ साली वापरात आणले. मराठीत आपण त्यांना संप्रेरके म्हणतो. रक्ताबरोबर ती सर्वत्र फिरतात. परंतु ज्या पेशींकडे त्यांना ओळखणारे ग्राही असतात, त्याच पेशी त्यांचा आदेश मानतात. स्वादुपिंडातील इन्सुलिन रक्तातील साखर आटोक्यात ठेवते, तर अधिवृक्क ग्रंथींतील कॉर्टिसॉल ताणाच्या प्रसंगी शरीराला सज्ज करते.

गळ्याच्या पुढील भागात, स्वरयंत्राच्या किंचित खाली, फुलपाखराच्या आकाराची अवटू ग्रंथी असते. हीच थायरॉइड. प्रौढ व्यक्तीत तिचे वजन साधारण १५ ते २५ ग्रॅम भरते. अन्नातील आयोडीन वापरून ती टी-४ आणि टी-३ ही संप्रेरके तयार करते. हृदयाचे ठोके, शरीराची ऊब, आतड्यांची हालचाल आणि अन्नापासून ऊर्जा मिळवण्याचा वेग त्यांवर अवलंबून असतो.

हे प्रमाण योग्य राखण्याचे काम मेंदूच्या तळाशी असलेल्या, वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीकडे असते. टीएसएच हे थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक तिचेच. घरावरील पाण्याच्या टाकीतला तरंगता गोळा आठवावा. पाणी खाली गेले की तोटी उघडते, टाकी भरली की ती बंद होते. रक्तातील टी-४ व टी-३ घटले, की पीयूषिका टीएसएच वाढवते. ती पुरेशी झाली, की हात आखडता घेते. म्हणून वाढलेले टीएसएच ही बहुधा थकलेल्या थायरॉइडला दिलेली हाक असते. क्वचित पीयूषिकाच आजारी असते आणि मग हा आकडा दिशाभूल करतो. अशा वेळी डॉक्टर टी-४ ची तपासणीही सांगतात.

संप्रेरक कमी पडले की थकवा, वजनवाढ, बद्धकोष्ठता, थंडी सहन न होणे, कोरडी त्वचा, पाळीतील अनियमितता अशी लक्षणे हळूहळू दिसतात. दुर्दैवाने त्यांवर ‘आळस’ किंवा ‘वयोमान’ असा शिक्का बसतो आणि विशेषतः स्त्रियांचे निदान लांबते. उपचार तसा सोपा आहे. जे संप्रेरक कमी आहे, तेच गोळीतून द्यायचे. ही गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यावी. लोह किंवा कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यानंतर सुमारे चार तासांनी घ्याव्यात. मात्रेचा परिणाम स्थिरावण्यास वेळ लागत असल्याने फेरतपासणी सहसा सहा ते आठ आठवड्यांनी करतात. अहवाल ‘नॉर्मल’ आला म्हणून गोळी परस्पर थांबवणे ही सर्रास होणारी चूक होय. तो आकडा बहुधा गोळीमुळेच जागेवर आलेला असतो.

सर्वांत मोठी जोखीम मात्र बाळाची असते. गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत गर्भाच्या मेंदूला आईचेच थायरॉइड संप्रेरक मिळते. जन्मतः थायरॉइड दुर्बळ असलेले मूल वरकरणी निरोगी दिसू शकते. पण उपचार लांबले तर त्याच्या बुद्धीची कायमची हानी होते. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या काही थेंबांवरून ही उणीव पहिल्या काही दिवसांतच कळते आणि पहिल्या दोन आठवड्यांत उपचार सुरू झाले, तर मुलाची वाढ बहुधा सर्वसामान्य होते.

येथे मिठाचा विषय ओघाने येतो. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी हिमालयाच्या पायथ्याच्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून केलेल्या अभ्यासाने आयोडीनयुक्त मिठामुळे गलगंड घटतो, हे दाखवून दिले. गोव्याच्या मिठागरांतील जाडे मीठ हा आपला वारसा आहे. मात्र समुद्राच्या पाण्यापासून बनले तरी त्यात नैसर्गिक आयोडीन नगण्यच असते. प्रौढ व्यक्तीला रोज १५० मायक्रोग्रॅम, तर गर्भवतीला सुमारे २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. मासळीतून काही मिळते, तरी रोजच्या जेवणात आयोडीनयुक्त मीठ असणेच हिताचे. मात्र ज्यांची थायरॉइड आधीच बिघडली आहे, त्यांनी मीठ वाढवून ती सुधारत नाही. मिठाच्या अतिरेकाने रक्तदाब तेवढा वाढतो.

पुढच्या वेळी अहवाल हाती येईल, तेव्हा केवळ आकड्याला घाबरू नये आणि त्याकडे दुर्लक्षही करू नये. आपल्याच शरीरातील एका ग्रंथीने दुसरीला घातलेली ती साद आहे. ती डॉक्टरांपर्यंत वेळेवर पोहोचवणे, एवढेच आपल्या हाती असते.