कल्पसूत्राच्या हाशियातील इराणी वेल

पर्युषणात कल्पसूत्राचे वाचन ऐकताना आपले चित्त पाठात असते. पोथीच्या कडेकडे सहसा कोणी पाहत नाही. परंतु पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात गुजरातेत सिद्ध झालेले, अहमदाबादच्या देवसानो पाडो भांडाराच्या नावाने ओळखले जाणारे कल्पसूत्र पाहिले की नजर हाशियावरच खिळते. मध्ये लाल-निळ्या भूमीवर सोनेरी देवनागरी अक्षरे, चित्रांत आपल्या परिचयाची टोकदार नाकाची, बाहेर आलेल्या डोळ्यांची माणसे. आणि भोवती इराणी वेलबुट्टी, इराणी पेहरावातील पुरुष, घोडेस्वार.

हे घडले ते व्यापारामुळे. गुजरातची गलबते इराणच्या आखातात होर्मुझपर्यंत जात आणि निळ्या रंगाचा लाजवर्द बदख्शानच्या खाणींतून येई. चौदाव्या शतकापासून ताडपत्राची जागा कागदाने घेतली, तरी पाने आडवीच राहिली. दोरी ओवण्याच्या छिद्राची गरज संपली, पण लेखकांनी ती जागा मोकळी सोडून तिथे शोभेचा ठिपका काढला. (दुकानात संगणक येऊनही पाडव्याला आपण वहीचे पूजन करतोच!) कालकाचार्यकथेच्या पोथ्यांत तर शाही राजे चक्क मंगोल चेहऱ्यामोहऱ्याचे रंगवलेले आहेत.

आपल्या भागातूनही हे वारे वाहून गेले आहे. उदगीरहून जवळच असलेल्या बीदरला महमूद गावानच्या १४७२ च्या मदरशावर रंगीत फरशांतील इराणी वळणाची अक्षरे अजून टिकून आहेत. गावान मूळचा इराणातील गिलानचा व्यापारी. बहमनी दरबारात त्याला ‘मलिक-उत्-तुज्जार’, म्हणजे व्यापाऱ्यांचा प्रमुख, हा किताब होता. आपल्या पेढीवरचे कागद, शाई, दौत, जमा, खर्च हे शब्दही फारसी-अरबीतूनच आलेले.

आता एक कबुली. मी शाखाधिकारी असताना लातूरच्या एका व्यापाऱ्यांनी घरातील जुन्या सचित्र पोथीविषयी विचारले. मी म्हणालो, “शेठजी, लॉकरमध्ये ठेवा.” त्यांनी प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून ठेवली. दोन पावसाळ्यांनी उघडली तेव्हा पाने एकमेकांना चिकटलेली, सोन्याचे काही कण समोरच्या पानावर उमटलेले. सल्ला माझाच होता. चोरापासून पोथी वाचली. ओलाव्याचा विचार मी केलाच नव्हता.

आपल्या पूर्वजांना तो होता. लाकडी पाटल्यांमध्ये पाने, वर सुती कापडाचे बासन, आणि कार्तिक शुद्ध पंचमीला, ज्ञानपंचमीला, भांडार उघडून पोथ्या झटकायच्या, त्यांना हवा द्यायची, मग पूजा. त्यातही हिरव्या रंगाची पाने आधी तपासावीत. तांब्यापासून केलेला जंगाल कालांतराने कागद खातो. लॅमिनेशन तर मुळीच करू नये. भावांच्या वाटणीत पाने विभागून घेण्याचा मोहही टाळावा. देवसानो पाडोची पाने आज निरनिराळ्या संग्रहांत विखुरलेली आहेत.

ते शेठजी आता नाहीत. येत्या ज्ञानपंचमीला ते बासन पुन्हा उघडायचे त्यांच्या मुलाने ठरवले आहे. जाणकाराला दाखवल्यावाचून चिकटलेली पाने हाताने सोडवायची नाहीत, एवढे मी त्याला आधीच बजावून ठेवले आहे.